बासष्ट रूळ आणि मुशीचं तेल

चांगदेव घरत यांच्या अंगाला मुशीच्या तेलाचा वास येतो, हे मोरखारमध्ये तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. मुशी हा दांडगा मासा. तिच्या काळजाचं तेल काढून कोळी आपल्या होड्यांना चोपडतात, म्हणजे खारा वारा लाकूड खात नाही. चांगदेव कोळी नाहीत आणि त्यांच्याकडे होडीही नाही. ते आगरी, भातशेतीवाले, वय शहात्तर. करंजा गावच्या कोळ्यांकडून ते वर्षाला दोन डबे तेल आणतात आणि लोखंडाला लावतात. गावातल्या लग्नात पंगतीला त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहते. कोणी बसलंच, तर ते मुंबईहून आलेलं असतं आणि पहिला भात यायच्या आत उठून जागा बदलतं.

लोखंड म्हणजे लाकूडगाडीचे रूळ. उरणच्या अंगाला आता जिकडे बघावं तिकडे कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात, त्यामुळे इथे कधी सागाचं लाकूड उतरत होतं यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पण उतरत होतं. इंग्रजाच्या काळात एका ठेकेदाराने माणकडोंगराच्या जंगलापासून मोरखारच्या खाडीपर्यंत चार मैलांची अरुंद लाइन घातली. दोन फुटांचं अंतर ठेवून दोन रूळ, त्यांवर चार चाकांच्या दोन बुटक्या गाड्या आणि त्या दोन्हींवर मिळून आडवा टाकलेला सागाचा ओंडका. उतार असा साधलेला, की भरलेली गाडी आपल्या वजनाने खाली येई. रिकामी वर न्यायला रेडे असत. खाली येणाऱ्या गाडीवर एक माणूस बसे, त्याच्या हातात चाकावर दाबायचा लाकडी दांडा. त्याला म्हणत दांडेवाला. दांडा कमी दाबला तर गाडी खाडीत, जास्त दाबला तर दांडा पेट घेणार. करपल्याचा वास नाकात शिरण्याच्या जरा आधी हात सैल करायचा, हे ज्याला जमलं तो दांडेवाला. बाकीचे आयुष्यभर रेड्यांमागे चालले.

चांगदेवांचे वडील रावजी हे दांडेवाले. त्रेसष्ट साली पौष महिन्यात, बंदराच्या टोकाला ओंडका मचव्यात चढवताना साखळी तुटली. ओंडका मागे घरंगळला. मागे रावजी उभे होते आणि त्यांच्या मागे रूळ होता. रावजींची छाती आणि रूळ एकाच धक्क्यात वाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराने लोहार बोलावून रूळ ठोकून सरळ करून घेतला, कारण वखारीत माल तुंबला होता. पुरता सरळ तो कधी झाला नाही. मधोमध दोन बोटांचा बाक राहिला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांच्या चांगदेवांना ठेकेदाराने बापाचा दांडा हातात दिला आणि ही फार मोठी मेहेरबानी केली असं तो पुढे पुष्कळ वर्षं सांगत राहिला.

रावजींचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्याकडे फोटो काढायला कोण जात होतं. कपडे होते ते सरणावर गेले. बाप म्हणून दाखवायला चांगदेवांकडे काय उरलं, तर तो बाक असलेला रूळ. त्याला ते ‘बाबांचा रूळ’ म्हणत. गाडी त्यावरून जाताना एक हिसका बसे. अकरा वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा, चांगदेवांना तो हिसका बसला.

चौऱ्याहत्तर साली ट्रक आले आणि लाकूडगाडी बंद पडली. ठेकेदाराने डोंगराकडचे रूळ उखडून नेले. खाडीकडच्या बांधावरचे सत्तर रूळ मात्र राहिले, कारण त्या पावसाळ्यात मधली मोरी वाहून गेली आणि त्याची गाडी अलीकडे येईना. पुढची पंधरा वर्षं गावाने त्या तुकड्यावरून भाताचे भारे आणि मिठाच्या गोणी ढकलत नेल्या. मग मोठं बंदर झालं आणि बंदराच्या मागोमाग भंगारवाले आले. एका पावसाळ्यात, बांधावर कोणी फिरकत नाही तेवढं साधून, आठ रूळ गेले. उरले बासष्ट.

तेव्हापासून चांगदेवांनी जे सुरू केलं, ते बत्तीस वर्षं चाललं. मे महिन्याच्या शेवटी बासष्टच्या बासष्ट रूळ उपटायचे. प्रत्येकाला मुशीचं तेल चोपडायचं, गोणपाटात गुंडाळायचं आणि घरामागच्या पेंढ्याच्या उडवीत पोटाशी घालून ठेवायचं. खालच्या सागाच्या आडव्या पट्ट्या खाजणातल्या चिखलात पुरायच्या. सागाला चिखलात वारा लागत नाही, तो शंभर वर्षं राहतो, हे होड्या बांधणाऱ्या कोणालाही विचारा. दसऱ्याच्या आधी सगळं बाहेर काढायचं आणि बांधावर पुन्हा जिथल्या तिथे बसवायचं. पहिला बसवायचा तो बाबांचा रूळ. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा. मग आठ महिने दोन्ही वेळ बांधावर फेरी मारायची आणि कुठे तांबूस ठिपका दिसला, की तिथेच बसून नारळाच्या काथ्याने घासायचं.

एक रूळ पंधरा फुटांचा, वजन चाळीस किलोच्या वर. तो एकट्याने उचलायचा नसतो. एका टोकाला चांगदेव आणि दुसऱ्या टोकाला त्यांची बायको येसूबाई. येसूबाई रुळांना सवत म्हणे. पण दरवर्षी मे उजाडला, की पदर खोचून दुसऱ्या टोकाला तीच उभी असे. पाच वर्षांपूर्वी रूळ बसवताना तिच्या हातातून निसटला आणि डाव्या हाताची करंगळी अन् शेजारचं बोट खाली चिरडलं. सरकारी दवाखान्यात दोन्ही बोटं काढली. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा आली, फक्त उजव्या बाजूने उचलायला लागली. गावाला ही दोघं वेडी वाटत. मलाही वाटत. पण गावात शहाणे किती आहेत ते बघितलं, की वेड्यांबद्दल वाईट बोलवत नाही.

विनेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचे दोन डंपर. गावाच्या खारजमिनी एका गोदामवाल्या कंपनीने घेतल्या, तिथे कंटेनर ठेवायचं भलंमोठं आवार होणार होतं आणि मुरुमाचा भराव टाकायचं काम विनेशला मिळालं. आवारात शिरणारा रस्ता नेमका बांधावरून जाणार होता. बांध सरकारी. कंपनीला वाटलं, बांधावर काय आहे, एक म्हातारा आणि थोडं लोखंड.

विनेशची मुलगी प्राप्ती पनवेलच्या कॉलेजात शिकते. तिने कुठूनसं वाचलं, की लाइन ऐतिहासिक म्हणून नोंदली गेली तर तिला कोणी हात लावू शकत नाही. तिने आजोबांच्या नावाने अर्ज केला, मोजणी कचेरीतून जुना नकाशा काढला, त्यात लाइन काढलेली दाखवली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत बांधावरचं काम थांबवायचा हुकूम आला. कंपनीला करायचं एवढंच होतं, की रस्ता चाळीस फूट बाजूला घ्यायचा. पण मोठ्या माणसांना चाळीस फूट सरकायला लावणं हे लहान माणसाने करायचं काम नव्हे, असं त्यांचं मत पडलं. विनेशचे डंपर दारात उभे राहिले. पहिल्या पाच आठवड्यांत तो बापाशी एक शब्द बोलला नाही. जेवण वाढून घ्यायचा आणि ओटीवर जाऊन खायचा.

“आजा, मॅडम स्वतः बघायला येणार आहेत,” प्राप्तीने एका रविवारी सांगितलं. “वारसा जतनाच्या कचेरीतून. त्यांनी हो म्हटलं की झालं.”

“कवा?”

“गुरुवारी.”

चांगदेवांना आनंद झाला. तो त्यांनी लपवला नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो, घर झाडतो, ओटी सारवतो. मुलगी दाखवायची असेल तर तिला चांगलं पातळ नेसवतो. चांगदेवांनी तीन दिवस बांधावर बसून बासष्ट रूळ काथ्याने घासले, राखेने घासले, आणि वरून तेलाचा हात फिरवला. येसूबाईने तीन बोटांच्या हाताने त्यांच्याबरोबर घासलं. बुधवारी उन्हं कलली तेव्हा रूळ असे चमकत होते, की बगळे बिचकून खाली उतरेनात. बत्तीस वर्षांत ते इतके चांगले कधी दिसले नव्हते.

गुरुवारी मॅडम आल्या. तिशीच्या असतील, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात टॅब, बोलणं मऊ. त्या वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो, कारण ह्या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलं तर फार लांब जावं लागत नाही आणि तो माणूस त्या नव्हत्या. बरोबर कंपनीचा एक माणूस होता, तो सावलीत उभा राहिला. विनेशही आला होता. बापाला वाटलं, शेवटी रक्त आहे.

“आजोबा, ही लाइन कधीची?”

“इंग्रजाच्या टायमाची, बाय. हे बगा, आकडा हाय.” चांगदेवांनी खाली बसून रुळाच्या पोटावर उठलेली अक्षरं दाखवली. १९०९. मॅडमनी फोटो काढला. मग त्यांनी रुळावरून बोट फिरवलं आणि ते उन्हात धरलं. बोट तेलाने चकाकलं. गंज नावालाही नव्हता.

“एवढे स्वच्छ कसे हे?”

प्राप्तीने काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात विनेश पुढे झाला.

“बाबा, सांगा ना मॅडमना,” तो म्हणाला. “तुमी दर वर्षी किती मेहनत करता ती. लाजताय कशाला? सगलं सांगा, पहिल्यापासून.”

पाच आठवड्यांनी मुलगा बोलला होता, आणि तेही असं गोड, चारचौघांत, बापाचं कौतुक करत. चांगदेवांचा ऊर भरून आला. आयुष्यात त्यांना कोणी सांगा म्हटलं नव्हतं. वास येतो म्हणून लोक लांब बसत, ऐकणार कोण. आज सरकारची बाई टॅब उघडून उभी होती आणि सख्खा मुलगा सांगा म्हणत होता.

त्यांनी सांगितलं. मे महिन्यात बासष्ट रूळ कसे उपटतो, उडवीत कसे ठेवतो, पट्ट्या चिखलात कशा पुरतो, दसऱ्याआधी पुन्हा कशा मांडतो. मॅडमचं बोट टॅबवर थांबलं.

“म्हणजे हे रूळ आत्ता बसवलेत?”

“आताच तर. गेल्या महिन्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचा बसला.”

“आजा, थांब जरा,” प्राप्ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिला कळलं होतं.

“मदी बोलू नको, बाय. त्या इचारतात ना.” आणि ते उठून बांधावरच्या खोपटात गेले आणि मापाची काठी घेऊन आले. दोन फुटांची सागाची काठी, रुळांमधलं अंतर मोजायची. जुनी काठी वाळवीने खाल्ली म्हणून ही त्यांनी गेल्या वर्षी नवी कापली होती. तेही त्यांनी सांगितलं. मॅडमनी काठीचा फोटो काढला. कापलेल्या टोकाचा जवळून काढला.

येसूबाई चहा घेऊन आली. नवरा खरं बोलतो आहे आणि समोरची बाई गप्प झाली आहे, एवढं तिने पाहिलं. तिला वाटलं, हिचा विश्वास बसत नसेल. तिने तबक खाली ठेवलं आणि डावा हात पुढे केला.

“खोटा वाटतं का, बाय? हे बग. पाच वरसां झाली. हाच रूळ बसवताना गेली बोटं. दवाखान्याचा कागद पन हाय घरात.”

“कागद असेल तर एक फोटो काढते,” मॅडम म्हणाल्या. येसूबाई लगबगीने जाऊन कागद घेऊन आली. त्यावर तारीख होती आणि ‘लोखंडी रूळ बसवताना इजा’ असं डॉक्टरने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. सरकारी दवाखान्यात एरवी कोणाचं अक्षर लागत नाही. नेमकं तेवढंच लागलं.

“मॅडम, पण वर्ष बघा ना,” प्राप्ती म्हणाली. “एकोणीसशे नऊ आहे. आणि नकाशातही लाइन इथेच आहे.”

“रूळ जुने आहेत, ते मी लिहीन,” मॅडम म्हणाल्या. “पण जुने रूळ भंगारातही मिळतात गं. आम्हाला लाइन बघावी लागते. मूळ जागी, मूळ स्थितीत, कोणी हात न लावलेली.”

“मूळ जागीच हाय,” चांगदेव म्हणाले. “एक बोट इकडं न्हाय का तिकडं न्हाय. मी स्वता मांडतो.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. चहा प्यायल्या, येसूबाईच्या हातावरून हात फिरवला, आणि गेल्या. जाताना चांगदेवांनी विनेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बोललास ते बरं केलंस.” विनेश बांधाकडे बघत राहिला. सावलीतला माणूस मोबाइल काढून गाडीत बसला होता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्राप्तीने ओटीवर बसून वाचलं. “सदर ठिकाणी आढळलेले रूळ स्थानिक रहिवासी श्री. चांगदेव रावजी घरत यांनी अलीकडे बसवलेले असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांच्या पत्नीनेही पुराव्यानिशी त्यास दुजोरा दिला. सबब, या ठिकाणी ऐतिहासिक लाइन अस्तित्वात नाही.”

“माझं नाव हाय त्यात?” चांगदेवांनी विचारलं.

“आहे, आजा.”

“बाबांचं पन?”

“आहे.”

सरकारी कागदावर बापाचं नाव आलं म्हणून ते क्षणभर सुखावले. मग प्राप्तीने पुन्हा समजावून सांगितलं, हळूहळू. येसूबाईने आपला डावा हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून तिने तो चारचौघांत बाहेर काढलेला मी पाहिलेला नाही.

रात्रीच्या जेवणाला विनेश पहिल्यांदा आत सर्वांबरोबर बसला. प्राप्ती ताटावरून नजर न उचलता म्हणाली, “पप्पा, तुम्हाला माहीत होतं. मॅडम काय विचारणार ते कंपनीच्या त्या माणसाने तुम्हाला आधीच सांगितलं होतं.”

“मी खोटं बोललो का?” विनेश म्हणाला. “बाबांना खोटं बोलायला लावलं का? जे खरं हाय ते सांगा बोललो.”

तो खरंच खोटं बोलला नव्हता. चांगदेवांनी भात कालवला आणि पानातला शेवटचा घास संपेपर्यंत जेवले. मुलाला त्यांनी त्या विषयावर काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर त्या घरात राहायचं कसं.

कंपनीने आठ दिवसांत रूळ उचलून न्या असं कळवलं. चांगदेव म्हणाले, मे महिन्यात उचलतो. लोकांना वाटलं म्हातारा हट्ट करतो आहे. हट्ट नव्हता. बत्तीस वर्षं रूळ मे महिन्यातच उठले होते, मार्गशीर्षात कसे उठणार. नवव्या दिवशी सकाळी क्रेन आली. तिने बारा रूळ उचलून बाजूला ठेवले, चांगले सरळ बघून. कंपनीच्या साहेबाला गेटपाशी बाग करायची होती आणि बागेत काहीतरी जुनं ठेवायचं होतं. उरलेले पन्नास रूळ उचलायला क्रेनचं भाडं कशाला, म्हणून त्यांच्यावरच भराव टाकायचं ठरलं.

चांगदेव बांधाच्या टोकाला, बाबांच्या रुळापाशी उभे होते. डंपर आला. चालक गावातलाच गुणाजी. त्याने गाडी मागे घेतली, आरशात म्हातारा दिसला, आणि गाडी बंद करून तो खाली उतरला.

“मना न्हाय जमणार, शेठ,” तो विनेशला म्हणाला. “दुसरा कोन बग.”

विनेशने चावी घेतली. तो स्वतः चढला. भोंगा दोनदा वाजवला. चांगदेव सरकले नाहीत, तेव्हा येसूबाई गेली आणि त्यांना उजव्या हाताने धरून बाजूला घेऊन आली, रूळ उचलायची तशी, आपल्या टोकाने जपून. डंपरचा मागचा फाळका करकरत उघडला आणि मुरूम पडला.

“त्या बारा रुळांत एक बाबांचा तरी ठेवायचा होता,” चांगदेव त्या दिवशी एवढंच म्हणाले.

“वाकडा होता तो,” विनेश म्हणाला. “त्यांनी घेतला न्हाय.”

पुढच्या पावसाच्या आत बाग झाली. बारा रूळ सिमेंटमध्ये बसवले, काळा रंग दिला, कडेने सोनेरी पट्टी मारली. एक नवी गाडी बनवून घेतली आणि तिच्यावर सिमेंटचा ओंडका ठेवला, त्याला तपकिरी रंग. पाटीवर लिहिलं: ‘ऐतिहासिक लाकूडगाडी, इ. स. १९०९’. जी लाइन अस्तित्वात नाही असं सरकारने लिहून दिलं होतं, तिची पाटी पितळेची होती.

पाऊस जवळ आला तसा चांगदेवांचा जीव राहीना. तेलाचा डबा घेऊन ते गेटवर गेले. पहारेकरी भला माणूस होता, त्याने नाकाला रुमाल लावूनच नमस्कार केला.

“काका, आत न्हाय सोडता येनार. पाहुणे येतात, वास येतो त्याचा.”

“लावतो आणि जातो. रंगाखाली पानी धरंल ते. सिमेंटात तर लवकर धरंल.”

“ते बघतील त्यांचं.”

चांगदेव तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला डबा गेटपाशी ठेवून म्हणाले, मग तूच लाव. पहारेकऱ्याने संध्याकाळी डबा घरी आणून दिला. आषाढात रंगाला फोड आले, श्रावणात पापुद्रे सुटले, भाद्रपदात बारा रुळांवर तांबडी भुकटी बसली. बत्तीस वर्षांत जे लागू दिलं नव्हतं, ते एका पावसात लागलं.

दसरा झाल्यावर आवाराचं उद्घाटन ठेवलं. लाकूडगाडीवर काम केलेला जिवंत माणूस हवा म्हणून कंपनीने चांगदेवांना बोलावलं. गाडी पाठवली. कोणीतरी त्यांना भगवा फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. अंगाला अत्तर लावायलाही कंपनीची माणसं विसरली नाहीत. पाहुण्यांमध्ये त्या मॅडम होत्या. फेट्यामुळे म्हणा, की अत्तरामुळे, त्यांनी चांगदेवांना ओळखलं नाही.

साहेबाने सगळ्यांना बाग दाखवली. मॅडम रुळापाशी वाकल्या, बोट फिरवलं आणि वर धरलं. बोट तांबडं झालं होतं.

“हे बघा,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या, “हे खरं जुनं. शंभर वर्षांचा गंज आहे हा. याला हात लावू नका हं, असंच राहू द्या.”

“बाय,” चांगदेव म्हणाले, “हा गंज गेल्या पावसाचा हाय.”

मॅडमनी मान वळवली, फेट्याकडे बघून हसल्या. “हो का, आजोबा,” म्हणाल्या आणि फोटोसाठी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. तो फोटो पुढे पेपरात आला. त्यात चांगदेव मॅडमच्या बोटाकडे बघताहेत.

गाडीने त्यांना घरी सोडलं. येसूबाईने नारळ हातातून घेतला. दारात विनेशचा डंपर उभा होता. विनेश मागे उभा राहून फाळका खालीवर करत होता आणि तो करकरत होता, त्या दिवशी बांधावर करकरला होता तसाच. बिजागरी तांबडी पडली होती. चांगदेवांनी फेटा काढून खुंटीला लावला. थोडा वेळ ते ओटीवर बसून तो आवाज ऐकत राहिले. मग उठले, पेंढ्याच्या रिकाम्या उडवीमागून तेलाचा डबा काढला. डबा अर्धा भरलेला होता.

“त्याला कुठं लावता?” येसूबाई म्हणाली.

“गंजतोय तो,” चांगदेव म्हणाले. आणि मुलाला जरा बाजूला सरकायला सांगून त्यांनी काथ्या तेलात बुडवला.